कोरडी जागा

जेद्दात पाऊस यायचा असला की आदल्या दिवशीच शाळांना सुट्टी देतात, हे ऐकून दत्तात्रय परबला हसू आवरेना. उभा जन्म त्याने कणकवली-कोल्हापूर एस.टी. फोंडा घाटातून वरखाली केली होती. त्याच्या गावात मिरग लागला की दसऱ्यापर्यंत दोरीवरचे कपडे धड वाळत नाहीत. आणि इथे थेंब पडायच्या आधीच मोबाइल कोकलत होता, बाहेर पडू नका, सखल भागात जाऊ नका. पाऊस नव्हे, जणू दरोडेखोर यायचे होते.

तो आणि बायको शोभना मुलाकडे राहायला आले होते. मुलगा सुबोध यान्बूच्या तेलाच्या कारखान्यात इंजिनीअर. आठवडाभर तिकडेच राहायचा नि सुट्टीला घरी यायचा. सून अवंती लहान मुलांची डॉक्टर, जेद्दातल्या एका खाजगी हॉस्पिटलात. नात ओवी तिसरीत. पोरीला सुट्टी होती, पण आईला नव्हती. उलट पावसाच्या दिवशी हॉस्पिटलात माणसं जास्त लागतात, म्हणून अवंती सकाळीच निघायच्या गडबडीत होती. तेवढ्यात दत्तात्रयाने विषय काढला. बलद बघायचं राहिलंय, म्हणाला. जुनं जेद्दा, समुद्राकाठचं, दरवाजेबिरवाजे असलेलं. ओवी घरीच आहे, तर तिला घेऊन जाऊन येतो.

अवंती घुटमळली. का घुटमळली ते सगळ्यांना ठाऊक होतं. मागच्या सुट्टीत ओवी गावी आली असताना दत्तात्रयाने तिला व्हाळाच्या पाण्यात मनसोक्त डुंबू दिलं होतं. पोरीला दम्याचा त्रास. संध्याकाळी तिची छाती भात्यासारखी चालायला लागली आणि रात्र कणकवलीच्या दवाखान्यात ऑक्सिजनवर काढावी लागली. अवंतीने तेव्हा एका शब्दाने दोष दिला नाही, पण त्यानंतर ओवीला एकट्या आजीआजोबांबरोबर कुठेही धाडलं नाही. इथे येऊन इतके दिवस झाले, तरी खालच्या बागेतसुद्धा कामवाली मुन्नी बरोबर असायची. दत्तात्रयाला ते काट्यासारखं सलत होतं. परतीचं विमान जवळ आलं होतं. नात ज्याच्या हाती देता येत नाही असा आजोबा म्हणून परत जायचं त्याच्या जिवावर आलं होतं.

शोभना सुनेची बाजू घेऊन म्हणाली की आज नको, आभाळाचा भरवसा नाही. त्यावर दत्तात्रयाने अवंतीच्या माहेरावरून तिला चिडवलं. नाशिकच्या माणसांनी पावसावर बोलू नये, तुमच्याकडे शिंपडलं तरी छत्र्या निघतात. अवंतीला हसू आलं आणि तिथेच ती नमली. इशारा संध्याकाळचा आहे, जेवायच्या वेळेला घरी या, असं म्हणून तिने टॅक्सी मागवून दिली. औषधाचा पंप शोभनाच्या पर्समध्ये ठेवला. दारात चप्पल घालताना मात्र ती थांबली.

"बाबा, तिला कोरडी ठेवा. एवढंच सांगते."

"एक थेंब अंगावर पडू द्यायचा नाही," दत्तात्रय म्हणाला. "जा तू निश्चिंत."

टॅक्सीने त्यांना बाब मक्काजवळ सोडलं. दगडी कमानीचा मोठा दरवाजा, पण दोन्ही अंगांना काहीच नाही. रस्ता दरवाजातूनही जात होता आणि बाजूनेही. सिंधुदुर्गाचा तट लहानपणापासून पाहिलेल्या दत्तात्रयाला हे अजब वाटलं. तट कुठाय, त्याने ओवीला विचारलं. तिने मोबाइलवर शोधलं आणि हिंदी-इंग्रजीत सांगितलं, की शहराभोवती पूर्वी भिंत होती, ती कधीच पाडली, दरवाजे तेवढे ठेवले.

"दार ठेवलं नि घर मोडलं," शोभना म्हणाली. "अपशकुनी दिसतं बाई."

तिला सगळीकडे अपशकुनच दिसतात, असं म्हणून दत्तात्रय कमानीखालून पुढे झाला.

आत गल्ल्या अरुंद होत्या. दोन्हीकडे तीन-तीन चार-चार मजली घरं, पांढरट, उभी, आणि त्यांच्या अंगावर लाकडी जाळ्यांच्या खिडक्या पेटाऱ्यांसारख्या बाहेर आलेल्या. या खिडक्यांना इथे रोशन म्हणतात, हे सुबोधने सांगून ठेवलं होतं. काही घरं नव्याने रंगवलेली, दारावर पाटी, बाहेर कुंड्या. त्यांच्याच शेजारी दुसरी घरं लोखंडी टेकूंवर उभी, एक तर समोरच्या घराकडे इतकं झुकलेलं की वर आभाळाची फक्त फीत उरली होती. ओवीने एका भिंतीला नाक लावलं आणि आजोबांना हाक मारली. दगडात फूल होतं. खरंच होतं. बारीक पाकळ्यांचं, चक्रासारखं. समुद्रातलं पोवळं कापून त्याचेच चिरे केलेले. दत्तात्रयाने कौतुकाने अंगठ्याचं नख लावलं, तर फुलाची कड भुगा होऊन हातात आली. चवीला खारट लागेल असा तो पांढरा भुगा त्याने पँटला पुसला आणि पोरीला म्हणाला की हात नको लावू, जुनं आहे.

सुट्टीचा दिवस, पण फिरायला आलेलं कोणी दिसेना. दुकानं उघडी होती आणि विकायचं कुणाच्या मनात दिसत नव्हतं. एक म्हातारा कापडाचे तागे जमिनीवरून उचलून टेबलावर ठेवत होता. दोघे जण उंबऱ्याशी वाळूची पोती रचत होते. दुरुस्ती चाललेल्या एका घराच्या परांचीवरून कामगार खाली उतरले होते आणि वर बघत होते. कोणी कोणाशी मोठ्याने बोलत नव्हतं. इथल्या गल्ल्यांतून मांजरं फार, असं सुबोध म्हणाला होता, पण खाली एकही नव्हतं. शोभनाने बोट दाखवलं तेव्हा दिसली. मधल्या चौकात एक मोडकी हातगाडी होती, तिच्यावर सगळी एकमेकांना चिकटून बसली होती.

तो चौक म्हणजे चार गल्ल्या मिळतात तिथली उघडी जागा. कोपऱ्यावरच्या दुकानातून एक दाढीवाला माणूस पुढे आला आणि अगदी घरच्यासारखा हिंदीत बोलू लागला. जमालुद्दीन नाव, मूळचा हैदराबादचा. अत्तरं, शाली, जपमाळा असं त्याचं दुकान. चहा घ्या, बसा, म्हणाला. दत्तात्रयाने आयुष्यभर स्टँडवरचे फेरीवाले पाहिलेले. त्याने ओळखलं, हा चहा पाजून शाल गळ्यात मारणार. नको म्हणून तो वळला, तसा जमालुद्दीन मागून म्हणाला, "चाचा, आज घूमने का दिन नहीं है. बच्ची को लेके घर जाओ."

दत्तात्रयाने त्याला आपल्या गावच्या पावसाची हकीगत ऐकवली. चार महिने, रात्रंदिवस. जमालुद्दीनने ती शेवटपर्यंत ऐकून घेतली, मान हलवली आणि तो दुकानातला गल्ला मखमली पिशवीत भरू लागला. शोभना म्हणाली की चला, माणूस खोटं बोलणारा वाटत नाही. दत्तात्रय म्हणाला, गिऱ्हाईक हातचं गेलं की असेच घाबरवतात.

तरीही पुढच्या गल्लीच्या तोंडाशी त्याचे पाय रेंगाळले. उजेड बदलला होता. दुपार व्हायची होती आणि भिंतींचा पांढरा रंग पिवळट पडला होता, कावीळ झालेल्या डोळ्यासारखा. वारा एकाएकी थांबला. समुद्राकडून येणारा गाड्यांचा आवाजही थांबला. मग दूर कुठेतरी पत्र्यावर खडे टाकावेत तसा आवाज सुरू झाला आणि तो त्यांच्याकडे येऊ लागला.

पाऊस आला तो आडवाच. दत्तात्रयाने छत्री उघडली, ती पहिल्याच झोताला उलटी झाली. त्याने ओवीला पोटाशी धरलं आणि कोकणातला माणूस जे करतो तेच केलं. समोर दिसेल त्या घराची वळचण गाठली. चौकाच्या कडेला एक उंच जुनं घर होतं, दाराला कुलूप, वर मोठा रोशन पुढे आलेला. त्याच्याखाली हातभर रुंदीची कोरडी पट्टी होती आणि दाराशेजारी दगडी बैठक. शोभनाचे गुडघे दुखत होते, ती बैठकीवर टेकली. ओवी दोघांच्या मध्ये. तिच्या केसांवर जेमतेम चार थेंब. दत्तात्रयाने ते रुमालाने टिपले.

"बघ," तो शोभनाला म्हणाला. "कोरडी ठाक आहे."

आपली समयसूचकता त्याला त्या क्षणी फार आवडली. अवंतीला सांगायला गोष्ट झाली होती. पाऊस असा कोसळला, आणि तरी तुझ्या लेकीचा सदरा भिजू दिला नाही.

पाऊस वाढतच गेला. गल्ल्यांतून तांबडं पाणी चौकात येऊ लागलं, कागदाचे पेले, एक चप्पल, लाकडाच्या ढलप्या घेऊन. आणि मग दत्तात्रयाला एक गोष्ट दिसली ती त्याला कळेना. दुकानदार बाहेर येत होते. कोरडी दुकानं उघडी टाकून, छत्र्या न घेता, ते चौकाच्या मधोमध जाऊन उभे राहत होते. तागे उचलणारा म्हातारा आला. परांचीवरचे कामगार आले. एक बाई दोन मुलांना घेऊन आली, मुलांची डोकी तिने अंगातल्या काळ्या, पायघोळ अबायाखाली झाकली होती. जमालुद्दीन आला, पिशवी छातीशी धरून. बघता बघता तिथे पंचवीस-तीस माणसं जमली. पाणी त्यांच्या घोट्यापर्यंत, अंगावर मुसळधार, आणि सगळे गप्प. हातगाडीवरची मांजरंही तशीच भिजत बसलेली. चारी बाजूंच्या वळचणी मोकळ्या होत्या. वळचणीला उभे होते ते फक्त हे तिघे.

"वेडे झालेत का हे?" शोभना हळूच म्हणाली.

दत्तात्रय म्हणाला की वर्षातून एकदा पाऊस बघतात बिचारे, नाचायला आले असतील. पण कोणी नाचत नव्हतं. उलट, हळूहळू ती सगळी तोंडं यांच्याकडे वळत होती. म्हातारा हाताने खुणा करू लागला. जमालुद्दीनने तर ओरडायलाच सुरुवात केली, इधर आओ, चाचा, इधर आओ. पावसाच्या आवाजात पुढचे शब्द वाहून जात होते. दत्तात्रयाला राग आला. पोरगी आजारी, तिला भिजवायला बोलावतोय. मघाशी शाल घेतली नाही त्याचा हा डूख. तो जागचा हलला नाही. उलट ओवीचं मनगट त्याने घट्ट धरलं.

ओवी म्हणाली, "आजोबा, एव्हरीबडी इज देअर."

"असू दे. तू इथंच राहायचं. आईला काय सांगितलंय आपण?"

मग तिने मान झटकली, केसांत हात घातला आणि पाहिलं. "आजोबा, वरून साखर पडते."

दत्तात्रयाने तिचा तळहात बघितला. पांढरे, ओले, जाड कण. मघाशी फुलाचा झाला होता तसलाच भुगा. त्याने वर पाहिलं. रोशनच्या वर, जिथे लाकडी तुळई भिंतीत शिरते तिथे, एक काळी रेघ होती, आणि तिच्यातून दुधासारखं पाणी झिरपत होतं. भिंत पाणी पीत होती. पोवळ्याची भिंत, समुद्रातून आलेली, वर्षानुवर्षं कोरडी पडलेली. आता अधाशासारखी पाणी पीत होती आणि जड होत होती.

आणि हे दत्तात्रयाने पाहिलेलं होतं. घाटात. दरड एकदम येत नाही. आधी गाडीच्या काचेवर माती येते, चिमूटभर, कोणीतरी वरून टाकल्यासारखी. मग एक खडा. तेवढ्यात ज्याने गाडी मागे घेतली तो घरी गेला. आयुष्यभर हे तो नव्या ड्रायव्हरांना सांगत आला होता. आणि आज दरडीखाली नातीला धरून, छाती पुढे काढून उभा होता, का, तर ती कोरडी राहावी.

टपकन एक खडा उलट्या छत्रीवर पडला.

त्याने ओवीला उचललं आणि तो पावसात धावला. पाण्यात पाय घसरला, गुडघा आपटला, तरी पोरीला वर धरून तो तसाच मधोमध गेला आणि तिला त्या अबायावाल्या बाईच्या अंगावर जवळजवळ टाकलं. मग मागे वळला. शोभना बैठकीवरच होती. तिने पाहिलं होतं ते इतकंच, की आपला नवरा दम्याच्या पोरीला घेऊन भर पावसात पळत सुटला. ती संतापून काहीतरी बोलत होती, एका हाताने पर्स काखेत दाबून, दुसऱ्या हाताने गुडघा धरून, सावकाश उठत.

"अगो, बाहेर ये," दत्तात्रय ओरडला. "शोभना, बाहेर ये."

तो निघाला, पण त्याच्या आधी जमालुद्दीन निघाला होता. हातातली पिशवी पाण्यात टाकून तो सरळ वळचणीला गेला, परक्या बाईचं मनगट धरलं आणि ओढलं. शोभनाने त्याला पर्सने मारलं. एकदा, दोनदा. त्याने सोडलं नाही. बैल ओढावा तशी ओढत त्याने तिला चार पावलं आणली असतील, तोच मागे पोतं फाटून भात सांडावा तसा आवाज झाला. मोठा नाही. धडाड नाही. रोशन खाली वाकला, नमस्कार करावा तसा, आणि त्याच्यामागून वरची भिंत मुकाट्याने उतरली.

पांढरा चिखल सगळ्यांच्या अंगावर उडाला. बैठक दिसेनाशी झाली. छत्रीही. एक चिरा जमालुद्दीनच्या खांद्याला लागून गेला होता. तो खाली बसला, खांदा धरून, ओठ मिटून. कामगारांनी दोघांना ओढून गर्दीत घेतलं.

कोणी आरडाओरडा केला नाही. म्हाताऱ्याने काहीतरी पुटपुटत आभाळाकडे बघितलं. शोभनाने आधी मागे ढिगाकडे पाहिलं, मग जमालुद्दीनकडे, मग हातातल्या पर्सकडे. तिला माफी मागायची होती पण हिंदी सुचेना. जमालुद्दीनलाच हसू आलं, वेदनेतलं. "चाची, अब तो चाय पिएंगे ना?" म्हणाला. त्याचं दुकान कोपऱ्यावर होतं, दार सताड उघडं, दिवा लागलेला, शाली कोरड्या. तिकडे जायची त्याने हालचालही केली नाही. त्याची मखमली पिशवी वाहून गेली होती, तिचंही नाव काढलं नाही.

ओवीला खोकला लागला. नखशिखांत भिजली होती, दात वाजत होते. शोभनाने पर्स उघडली, पंप काढला, आपल्या पदराखाली धरून तिला दोनदा ओढायला लावला. दत्तात्रयाने गुडघ्यावर बसून तिच्या छातीला कान लावला. आत बारीक शीळ होती. की खिडक्यांच्या जाळीतून जाणारा वारा होता, त्याला ठरवता येईना.

त्याच वेळी खिशातला फोन वाजला. अवंती. हॉस्पिटलात गोंधळ चाललेला ऐकू येत होता.

"बाबा, कुठे आहात? रस्ते बंद झालेत म्हणतात. टॅक्सी येणार नाही इतक्यात. ओवी भिजली नाही ना? कुठेतरी आडोशाला उभे राहा, एखाद्या घराच्या खाली. मी येईपर्यंत तिथून हलू नका."

दत्तात्रयाने भोवती पाहिलं. समोर ढीग. त्याच्या दोन्ही बाजूंना घरं, मागे घरं, चारी गल्ल्यांच्या तोंडाशी घरं, सगळी पांढरी, सगळी पाणी पिणारी. पाणी आता पोटरीला लागत होतं. डावीकडच्या उंच घराच्या छज्ज्यावरून बारीक काहीतरी गळलं, आणि न सांगता सगळी माणसं पाऊलभर आत सरकली.

"बाबा? ऐकू येतंय ना?"

"भिजली गं," दत्तात्रय म्हणाला. "सगळी भिजली. मीच भिजवली. पंप दिलाय. आम्ही उघड्यावर आहोत."

मग अवंतीचा आवाज आला, बारीक, ताणलेला. "तिला आत घ्या, बाबा. प्लीज. कुठेतरी कोरडी जागा असेल तिथे."

"आहे," तो म्हणाला. "पुष्कळ आहे. नेणार नाही."

तिला आणखी काही सांगायच्या आत फोन तुटला. त्याने तो खिशात टाकला, सदरा काढून ओवीच्या डोक्यावर धरला आणि तिला माणसांच्या अगदी मध्ये उभी केली. तिची छाती हाताखाली उडत होती. बाकीचे तिच्याभोवती दाटले. जमालुद्दीन खांदा धरून, म्हातारा, कामगार, ती बाई, शोभना. सगळे पाठीला पाठ लावून उभे राहिले, तोंडं घरांकडे. पाऊस कमी होत नव्हता. कोणीच भिंतींवरची नजर काढत नव्हतं.